ठोंब्याच्या दोरीचा गुंता

"ठोंब्याची दोरी कापावी लागेल," बाविस्करकाका म्हणाले आणि केतकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ठोंब्या हा केतकीचा रोबो. ती रांगत होती तेव्हापासूनचं सगळं त्याला आठवत होतं, आणि ती आठवण साठवलेली होती एका काचतंतूच्या दोरीत (काचेचा बारीक, लवचीक धागा), जी त्याच्या एका मनगटातल्या कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत जात होती. ती दोघं राहत त्या चंद्रावरच्या वसाहतीत मुलांच्या मनगटांतही तशीच सैल कडी असत, कमी गुरुत्वाकर्षणात उंच उडालेल्या मुलाला दोरीने धरता यावं म्हणून. मधली दोरी मात्र पोलादी तारेची. ती कापायची सोय नव्हती.

आज फुगडीच्या नादात केतकीने आपलं एक कडं उघडलं, आपली दोरी ठोंब्याच्या दोरीत ओवली आणि कडं मिटलं. चंद्राच्या बारीक धुळीने दोघांच्याही सगळ्या कड्यांची कुलुपं जाम झाली. ठोंब्याचे कोपरही अडकले, हात पसरलेलेच राहिले. आता दोघं एकमेकांत गुंतून उभी होती. दुरुस्ती विभागाच्या बाविस्करकाकांनी कात्री आणली होती.

"थांबा हो, इतकी काय घाई!" शेजारच्या लिदियाआजी आत येत म्हणाल्या.

लिदियाआजी मूळच्या रशियातल्या, व्होल्गाकाठच्या एका छोट्या गावातल्या. त्यांची आई मासेमारीची जाळी विणायची. कुठली गाठ सुटेल आणि कुठली जन्मात सुटणार नाही, असं लहानग्या लिदियाने विचारलं की आई म्हणायची, "ओढून बघ." पण लिदियाला ओढण्याआधीच कळायला हवं होतं! त्या हट्टापायी ती मॉस्कोला गेली आणि संस्थितिविज्ञान शिकली (वस्तू ताणली, वाकवली तरी तिच्यातलं जे बदलत नाही, त्याचं गणित). पुढे पुण्याला शिकवायला आली आणि मराठीत भांडायलाही शिकली. "दोऱ्यांचं गणित कशाला हवं?" असं लोक हसून विचारायचे. मग पेशींमधल्या डीएनएचा गुंता कसा सुटतो हे शोधणाऱ्यांना तेच गणित लागलं, आणि हसणारे गप्प बसले.

"केतकी, साखळीच्या दोन कड्या सुटतात का गं?"

"नाही. त्या पूर्ण बंद असतात."

"आणि तुझं कडं मनगटाला चिकटलंय?"

"नाही, आत बोट जातं."

"मग तिथे वाट आहे! अडकलेलं दिसणं वेगळं, अडकलेलं असणं वेगळं." आजींनी कागदावर चित्र काढलं. ठोंब्याच्या दोरीचा फास करायचा, केतकीच्या कड्याखालून कोपराकडून बोटांकडे सरकवायचा, पंजावरून पलीकडे उतरवायचा आणि मागच्या बाजूने कड्याखालून परत ओढायचा. मग दोरी पंजावरून सुटते.

फासच होईना. ठोंब्याचे हात पसरलेले, दोरी ताठ. आजींचा चेहरा उतरला. "माझ्या गणितात दोरी हवी तेवढी ताणता येते. ही कुठे ताणायला!"

बाविस्करकाकांनी नाइलाजाने कात्री उचलली.

केतकी ठोंब्याच्या ताठ दोरीकडे बघत राहिली. मग तिने स्वतःचे दोन्ही हात जवळ आणले. तिची दोरी सैल पडली.

"आजी, माझ्या दोरीचा फास त्याच्या कड्यातून घातला तर?"

आजी खो खो हसल्या. "अगं, गणिताला दोन्ही सारखंच! म्हणून मी दुसरी बाजू बघितलीच नाही."

केतकीने तारेचा फास सरकवला. कड्याखालून, ठोंब्याच्या पंजावरून, मागून परत. एक झटका, आणि दोघं वेगळी.

"आता पुन्हा फुगडी?" ठोंब्याने विचारलं.

केतकी त्याच्या गळ्यातच पडली. बाविस्करकाकांनी कात्री खिशात टाकली आणि उगाचच खाकरले.

"आजी, तुला न सुटलेला गुंता आहे का एखादा?"

"आहे ना. चाळीस वर्षं छळतोय."

"उद्या दाखवशील?"

"उद्या कशाला?" आजींनी कागद उलटा केला आणि पेन्सिल केतकीच्या हातात दिली. "ये, बस. ह्या वेळी दुसऱ्या बाजूने तू बघ."