आवर्तनांक तीन

"एकसष्ट," डॉ. करुणा मेश्राम म्हणाल्या, आणि पडद्यावरचा आकडा दोन्ही वकिलांना नीट दिसावा म्हणून खुर्चीसह थोड्या बाजूला सरकल्या.

नागपूरच्या स्मृतिपरीक्षण प्रयोगशाळेतल्या त्या थंड दालनाच्या काचेपलीकडे नथ्थू शेंडे कपाळावरचा घाम रुमालाने टिपत होता. कांचनी धरणाच्या रस्त्यावर त्याची चहाची टपरी होती. बचाव पक्षाचा हा एकमेव साक्षीदार. स्मृतिवाचक यंत्राचे शिरस्त्राण त्याने नुकतेच उतरवले होते आणि आपण परीक्षा उत्तम दिली अशा समाधानाने तो इकडे पाहत होता.

बचावाचे वकील ॲड. त्र्यंबक देवपुजारी यांनी चष्मा काढून पुसला. वयाची एकाहत्तर वर्षे आणि वकिलीची चव्वेचाळीस, त्या काळातले निम्म्याहून अधिक खटले वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गाजलेले. एवढ्या अवधीत त्यांनी एक नेम कधी चुकवला नव्हता. खटला जिंकोत वा हरोत, ज्या साक्षीदाराची उलटतपासणी त्यांनी सर्वांत कठोरपणे घेतली असेल त्याला ते निकालानंतर स्वहस्ते आभाराचे पत्र लिहीत. भर न्यायालयात उभे राहून शंका झेलणाऱ्या माणसाचे समाजाने ऋणी असले पाहिजे, आणि समाज ते विसरतो म्हणून निदान आपण तरी विसरू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

"एकसष्ट म्हणजे फार?" त्यांनी विचारले.

"फार. स्मृती ही कपाटात ठेवलेली तसबीर नव्हे, साहेब. आठवण काढली की ती मऊ होते, आणि मिटताना पुन्हा नव्याने घट्ट होते. त्या वेळी जे मनात असेल, ऐकलेले, वाटलेले, कोणी सुचवलेले, ते तिच्यात मिसळते. अशा प्रत्येक वेळी प्रथिनांचा एक सूक्ष्म थर चढतो. झाडाची वलये मोजावीत तसे आमचे यंत्र हे थर मोजते. तो आवर्तनांक. यंत्र वाचते मात्र सर्वांत वरचा थर. थर थोडे असतील तर वरचा थर मूळ ठशाच्या जवळचा. साठ असतील तर ती साठाव्यांदा सांगितलेली गोष्ट."

"या साठांतल्या किती आवृत्त्या देवपुजारी साहेबांच्या कचेरीत निघाल्या?" सरकारी वकील निशिकांत ठोंबरे यांनी खुर्चीत रेलून विचारले.

"नऊ बैठका. प्रत्येकीत पाच उजळण्या." देवपुजारींनी शांतपणे सांगितले. "साक्षीदाराला तयारीशिवाय पिंजऱ्यात उभे करणे मी आजवर गुन्हा मानत आलो. आज कळले की माझ्या हाताने मी माझाच साक्षीदार खरडून टाकला."

"तुमच्याही बाजूला आनंद नाही, ठोंबरे साहेब," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या शालिनी वैरागडे बाईंचा आवर्तनांक चारशे बारा आहे."

"पण माझे सात साक्षीदार आहेत, आणि सातही एकच सांगतात."

"सातही जण एकाच वाहिनीच्या एकाच सोफ्यावर बसून आले होते," देवपुजारी म्हणाले. ठोंबरे हसले. वादात हरले की ते मोकळेपणाने हसत, आणि या एका गुणासाठी देवपुजारींना ते आवडत.

खटला वरकरणी साधा होता. चौदा महिन्यांपूर्वी कांचनी धरणाचे दरवाजे उघडले आणि खालच्या अंगाला अकरा माणसे वाहून गेली. दरवाजे उघडण्याचा आदेश वरून आला होता, त्याविषयी वाद नव्हता. वाद एवढाच की त्याआधी दहा मिनिटे इशाऱ्याचा भोंगा वाजवण्याचे कर्तव्य आरोपी द्वारचालक पुंडलिक बावणे याने बजावले की नाही. नथ्थू तो भोंगा ऐकल्याचे सांगत होता. नियंत्रणकक्षातली नोंदयंत्रे पाण्याखाली गेली होती. पलीकडच्या फरशी पुलाशी आलेली एस.टी. चालकाने परत वळवली म्हणून त्रेचाळीस प्रवासी वाचले, आणि त्यांतल्या वैरागडे बाईंनी शपथेवर सांगितले होते, "भोंगा वाजला नाही. सगळीकडे सामसूम होती. चालकदादांनी आपल्या मनाने गाडी थांबवली. देवच त्यांच्या रूपाने उभा राहिला." राज्यभर हे वाक्य गाजले होते, आणि देवपुजारींच्या कठोर उलटतपासणीतही ते बदलले नव्हते.

त्या दुपारी देवपुजारी कारागृहात बावणेला भेटले. आकडे ऐकून त्याने आपल्या तळहातांकडे पाहिले.

"माझी आठवण तपासली तर?"

"तुम्ही ती रोज शंभरदा काढता. आकडा हजारांत जाईल."

"तेच तं." बावणेचा आवाज खाली गेला. "साहेब, पहिले मले पक्कं माहीत होतं. खटका दाबला, भोंगा वाजला. आता रोज पाहतो तं कधी हात खटक्यावर दिसते, कधी दिसतच नाही. सगळे म्हणतात वाजला नाही. तुम्ही एवढे कागद वाचले. तुम्हीच सांगा न, मी वाजवला होता न?"

अशिलाला 'तू केलेस का' असे न विचारण्याची शिस्त देवपुजारींनी आयुष्यभर पाळली होती. अशीलच तो प्रश्न आपल्याला विचारील, याची तरतूद त्या शिस्तीत नव्हती. शिक्षेहून मोठी गोष्ट पणाला लागली आहे हे त्यांना तिथे, त्या लाकडी बाकावर, कळले. या माणसाला निर्दोष सोडवून भागणार नव्हते. त्याचा तो एक क्षण त्याला परत मिळवून द्यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा प्रयोगशाळेत गेले. डॉक्टर न्यायालयाच्या तज्ज्ञ असल्याने ठोंबरे यांनाही बोलावणे आवश्यक होते, आणि ते आले.

"त्या जागी, त्या वेळी असलेला, पण ती घटना कधीच न आठवणारा माणूस असू शकतो का?" देवपुजारींनी विचारले.

"ज्याला ती आठवण्याजोगी वाटली नाही, असा," डॉक्टर म्हणाल्या.

"आपल्या पूर्वजांनी उपकार करून विसरून जाण्याचा उपदेश केला, तो मी आजवर नीतीचा भाग समजत होतो. डॉक्टर, तो पुराव्याच्या कायद्याचा भाग आहे. ज्याच्यावर उपकार झाला तो कृतज्ञतेने चारशे वेळा आठवतो आणि प्रत्येक वेळी थोडा बदलतो. ज्याने केला तो विसरतो. मूळ ठसा त्याच्याचपाशी असतो."

"चालक?" ठोंबरे ताठ बसले. "केशव नासरे? तो तर माझ्या कथेचा नायक आहे."

"तीन सत्कारांना गैरहजर राहिलेला नायक. पोलिसांना त्याने एका ओळीचा जबाब दिला: रस्ता बंद म्हणून गाडी परत वळवली. भोंग्याविषयी त्याला कोणी विचारले नाही. तुम्हाला गरज नव्हती आणि मला धीर नव्हता. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारू नये, हे मी शिकलो आणि शिकवले."

"आणि त्याच्या ठशात सामसूमच निघाली तर? बावणे संपला."

"तर संपला," देवपुजारी म्हणाले. "पण मग ते खरे असेल."

डॉक्टरांनी अट घातली. परीक्षेआधी त्या दिवसाचा उल्लेख नासरेसमोर कोणी करायचा नाही, कारण विचारणे म्हणजे एक थर चढवणे. वाचनही एकदाच होईल, कारण वाचतानाही थर चढतो. कायद्याप्रमाणे नासरेची लेखी संमती मात्र हवी होती. देवपुजारी एकटे गेले तर साक्षीदार पढवल्याचा संशय, म्हणून ठोंबरेही बरोबर निघाले. एकमेकांवर पाळत ठेवणारे दोन नामांकित वकील काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत बाजेवर शेजारी शेजारी बसले, आणि दोघांच्याही जिभेवर एकच प्रश्न होता जो दोघांनाही विचारायचा नव्हता.

निवृत्त नासरेने संत्री सोलून पुढे ठेवली.

"यंदा बहर चांगला दिसतो," देवपुजारी म्हणाले.

"बरा हाय."

"नोकरी किती वर्षे केली?" ठोंबरेंनी विचारले. देवपुजारी खाकरले.

"बत्तीस." नासरेने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "साहेब, तुम्ही नागपूरहून संत्रं खायले तं आले नसान. नागपुरात भेटते."

"एक परीक्षा आहे. डोक्याला टोपी लावतात, दुखत नाही. कशाबद्दल ते आम्ही सांगू शकत नाही," देवपुजारी म्हणाले.

"माहीत नाही का सांगता येत नाही?"

"सांगता येत नाही."

"वकिलाले सांगता येत नाही असं पहिल्यांदाच ऐकलं," नासरे म्हणाला आणि सही करून दिली. निघताना त्याने दोघांच्याही हातात संत्र्यांची एकेक पिशवी दिली. परतीच्या वाटेवर ठोंबरे म्हणाले, "आयुष्यातली सर्वांत अवघड उलटतपासणी." देवपुजारींनी मान डोलावली. आपल्याला असा प्रतिपक्ष मिळाला याबद्दल त्यांना मनोमन धन्यता वाटली. त्यांनी सोललेले अर्धे संत्रे पुढे केले.

परीक्षेच्या दिवशी न्यायमूर्ती वैजयंती उमाठे स्वतः प्रयोगशाळेत उपस्थित होत्या. एका कोपऱ्यात दोन शिपायांमध्ये बावणे बसला होता. साक्षीदार म्हणून वैरागडे बाईंनाही बोलावले होते. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, शाळेत उभे राहून शिकवण्याची सवय अंगात मुरलेल्या. काचेपलीकडे शिरस्त्राण घातलेल्या नासरेला त्यांनी पाहिले आणि नकळत हात जोडले.

डॉक्टरांनी नासरेच्या हातात एस.टी.चे एक जुने सुकाणूचक्र दिले आणि फक्त तारीख उच्चारली.

पडद्यावर आकडा उमटला: तीन.

"एकदा आगाराच्या नोंदवहीसाठी, एकदा पोलिसांसाठी," डॉक्टर पुटपुटल्या. "तिसरी बहुधा घरी, उशीर का झाला म्हणून."

मग ओल्या काचेतून दिसावे तसे चित्र हलू लागले. रस्ता, पुसणारा वायपर, दूरवर फरशी पूल. पुढच्या बाकावर एक बाई, मांडीवर नवा कोरा पृथ्वीगोल.

"तो मी त्याच सकाळी शाळेसाठी घेतला होता," वैरागडे बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तोच दिवस आहे."

इंजिनाची घरघर. कंडक्टरचे काहीतरी पुटपुटणे. चव्वेचाळीस वर्षांत प्रथमच देवपुजारी उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नासमोर उभे होते. घरघर तशीच चालू राहिली. पूल जवळ येत होता. ठोंबरे यांनी नजर खाली वळवली. ते देवपुजारींकडे पाहू इच्छित नव्हते.

आणि मग त्या घरघरीच्या खालून, आधी वाऱ्यासारखा, मग स्पष्ट, लांबलचक, चढत जाणारा आवाज आला.

बावणे उठून उभा राहिला. शिपायांनी त्याला बसवले नाही.

गाडी तरीही पुढेच जात होती. पूल अगदी समोर आला होता. मग पुढच्या बाकावरची बाई चालकाकडे वाकली. तिचा आवाज दालनात उमटला, खणखणीत, वर्गात घुमावा असा.

"दादा, भोंगा वाजतोय. धरणाचा आहे. गाडी थांबवा."

"वाजून ऱ्हायला बाई, हो," नासरेचा कंटाळलेला आवाज आला. "वळवतो."

चित्र फिरले आणि विझले.

वैरागडे बाई उभ्या होत्या. एक हात त्यांनी स्वतःच्या गळ्यावर ठेवला होता, जणू तो आवाज तिथून गेला का हे चाचपून पाहत होत्या.

"मी?" त्या म्हणाल्या. "मला आठवत नाही. देवाशपथ सांगते, मला आठवत नाही. मी खोटे बोलले नव्हते."

"नाही, बाई," डॉ. मेश्राम त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या. "तुम्ही चारशे बारा वेळा आभार मानलेत. प्रत्येक वेळी चालकदादा थोडे मोठे झाले, भोंगा थोडा लहान झाला आणि तुम्ही स्वतः त्याहून लहान. शेवटी दोन्ही उरले नाहीत. तुम्ही केलेला उपकार तुम्ही त्यांच्या नावावर करून टाकलात, इतकेच."

नासरे टोपी काढून बाहेर आला होता. काय चालले आहे हे त्याला कोणीतरी थोडक्यात सांगितले. त्याने डोके खाजवले.

"भोंग्याचंच विचारायचं होतं? मंग विचाराचं न. बागेतच सांगितलं असतं."

ठोंबरे आधी हसले. मग न्यायमूर्तीही.

ठोंबरे यांनी त्याच आठवड्यात खटला मागे घेतला. ज्या वळणापलीकडे ती अकरा माणसे होती तिथे भोंगा पोचत नव्हता, आणि दुसरा भोंगा बसवण्याची बावणेचीच मागणी तीन वर्षे दप्तरात पडून होती, हे त्यानंतर निघाले. त्याची चौकशी दुसऱ्या दिशेने, वरच्या अधिकाऱ्यांकडे गेली.

त्या दिवशी मात्र, दालन रिकामे होण्याआधी, वैरागडे बाई बावणेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चौदा महिने मी तुमच्याविरुद्ध बोलले, आणि जगले ते तुमच्यामुळे. त्रेचाळीस जण आम्ही. मी कशी..."

बावणे म्हणाला, "बाई, तुम्ही ऐकला न? मी वाजवला न?"

"ऐकला," त्या म्हणाल्या. "आत्ता ऐकला."

"माझ्याकडं जास्तीचे आले होते आभार," नासरे मागून म्हणाला. "तिघात वाटून घ्या म्हणतो मी."

तेव्हा बावणे रडला. दोन शिपाई भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहू लागले.

नेमाप्रमाणे देवपुजारींनी शालिनी वैरागडे यांना पत्र लिहिले. त्यात एकच ओळ होती: तुम्ही वाकून बोललात त्याबद्दल. मग ते पत्र टाकायला स्वतः गेले आणि परतताना डॉ. मेश्रामांचेही आभार मानावेत म्हणून प्रयोगशाळेत डोकावले. त्यांच्या कारकिर्दीचा हा शेवटचा खटला आहे, हे डॉक्टरांना ठाऊक होते.

"तुमच्या जुन्या खटल्यांच्या गोष्टी सगळ्या वकीलवर्गाला तोंडपाठ आहेत म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "ही तर सर्वांत सुंदर. किती वेळा सांगणार?"

देवपुजारींनी क्षणभर विचार केला. बावणे उभा राहिला तो क्षण, गळ्यावर ठेवलेला तो हात, अर्धे संत्रे. सगळे समोर येऊ पाहत होते. त्यांनी ते येऊ दिले नाही.

"एकदाही नाही," ते म्हणाले. "ही मला जशीच्या तशी हवी आहे."