पुढची तारीख

घोडेगावच्या कोर्टात त्या दिवशी वीज गेली नसती, तर मोहित आणि तेजस्विनीची गाठ पडली नसती. वीज गेली, कामकाज थांबलं आणि वकिलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये निरगुडसरचा हा ऊस लावणारा शेतकरी आजोबांच्या वेळचं इंग्रजी खरेदीखत मोठमोठ्यानं वाचत बसला. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेचा दावा होता त्याचा. शेजारी डबा खाणारी तेजस्विनी आधी गालात हसली, मग तिला चांगला ठसका लागला.

"हसा, हसा," तो म्हणाला. "पण हे 'विटनेसेथ' म्हंजी काय, तेवढं सांगा."

"हे खत अशी साक्ष देतं की... एवढाच अर्थ आहे त्याचा."

"कागद साक्ष देतो? मंग आमी जितीजागती माणसं उगंच पिंजऱ्यात हुभी ऱ्हातो म्हणा की."

त्याचे वकील म्हणजे तिचेच सीनियर. तिची वकिली अजून कोवळी होती, आणि ज्युनियरचं काम ठरलेलं. सीनियर दुसरीकडे अडकले की उभं राहायचं आणि पुढची तारीख मागून घ्यायची. ते ती झोपेतही करू शकली असती.

मोहित मग तारखेला यायचाच, नसली तरी यायचा. दरवेळी एखादा जुनापुराणा शब्द घेऊन. 'हेअरइनआफ्टर' म्हणजे यापुढे. 'अफोरसेड' म्हणजे वर सांगितलेला. सोबत कागदात गुंडाळलेल्या, सोललेल्या उसाच्या कांड्या असायच्या. कोर्टात वकीलबाईंनी ऊस खावा तरी कसा! तेजस्विनी कायद्याचं जाडजूड पुस्तक तोंडासमोर उभं धरून खायची.

"हे शब्द मोबाईलवर मिळतात की," ती एकदा म्हणाली.

"मिळत्यात. पण मोबाईल कपाळावरची बट मागं सारून सांगत न्हाई ना..."

तिनं उगाचच एक फाईल शोधायला घेतली. ती फाईल समोरच होती.

पौषातल्या एका दुपारी चहाचा पेला हातात घोळवत त्यानं विचारलं, "आईला घिऊन तुमच्या घरी आलो तर... चालंल का?"

हो म्हणायचं होतं तेजस्विनीला, अगदी मनापासून. पण जजच्या परीक्षेचा अभ्यास चालला होता. घरात एकदा लग्नाचा विषय निघाला की पुस्तकं माळ्यावर जातील, ही भीती होती. आणि तोंड सवयीनं उघडलं.

"पुढची तारीख द्या ना," ती हसत म्हणाली.

तोही हसला. पुढच्या तारखेला त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच उत्तर दिलं. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. किती समजूतदार आहे, थांबलाय माझ्यासाठी, असं तिला वाटत राहिलं. कोर्टात तारीख मिळाली की दावा जिवंत राहतो, हे तिला पाठ होतं. माणसाला नुसत्या तारखा दिल्या की तो त्याला नकार समजतो, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मध्ये तो बरेच दिवस फिरकला नाही. कारखान्याचा हंगाम संपला, रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा आला. तिच्या नजरेला नजर न देता समोर बसला.

"समोरच्या पार्टीनं लिवलंय. 'लॅचेस' म्हणं. त्याच्यामुळं आमचा हक्क गेला. काय आसतं हे?"

"फार जुना शब्द," ती नेहमीच्या सुरात सांगू लागली. "हक्क खरा असतो. पण माणूस तो मागतच नाही, नुसता बसून राहतो. तेवढ्यात समोरच्यानं आपली घडी बसवलेली असते. मग हा जागा होतो, मागायला जातो... आणि कोर्ट म्हणतं, इतके दिवस—"

ती थांबली.

"मोहित, आईला घेऊन या. याच रविवारी. मला हो म्हणायचं होतं. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हाच."

"मागच्या गुरुवारी सुपारी फुटली माजी," तो हळूच म्हणाला. "पारगावची पोरगी हाये. आरती नाव तिचं. मला वाटलं, तोंडावर न्हाई म्हणायचं तुमच्या जिवावर आलं आसंल. तिसऱ्यांदा इचारायची लाज वाटली वो..."

ठरलेलं लग्न मोडता येतं, हे शब्द तेजस्विनीच्या ओठांपर्यंत आले. पण कधीही न पाहिलेली ती पारगावची मुलगी आत्ता मैत्रिणींना साडी दाखवत असेल, असं तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं शब्द गिळले.

"तिनं लगेच होकार दिला?"

"व्हय. आईनं इचारलं, तिनं मान हालवली."

"शहाणी आहे," तेजस्विनी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"आधी कळलं आसतं तर..."

"मी कळू दिलं नाही. चूक माझी आहे. तुम्ही तिला सुखात ठेवा."

तो उठला. फाटकापाशी जाऊन त्यानं वळून पाहिलं. ती तशीच बसून होती, गाल ओले, समोर पुस्तक नाही की फाईल नाही. डोळे पुसावेत असं तिला वाटलं नाही. निदान एवढं तरी त्याला दिसू दे.