मोजणीत नसलेली खोली

कडी वाजली तेव्हा पंचशीला मागच्या खोलीत दोन पोरींना ब्लाउजचा गळा कापायला शिकवत होती. हातातली कात्री तशीच घेऊन ती दाराशी आली. बाहेर भुरभुर पावसात एक उंच तरुण उभा होता... बगलेत फाइल, हातात टेप.

"लिंबाजीकाकांचं घर हेच न? मी आनंदराज. पालिकेतून आलो. घरपट्टीच्या हरकतीची पाहणी करायची हाय." मग कात्रीकडं बघून तो म्हणाला, "मी मोजायला आलोय, भांडायला न्हाई."

तिला हसू आलं नाही. नव्या आकारणीत त्यांच्या घराला कुणीतरी एक अख्खा वरचा मजला चढवून ठेवला होता. वर नुसती गच्ची, पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या मिरच्या! एसटीतून निवृत्त झालेले तिचे बाबा, लिंबाजी, मुळातच तापट. नोटीस वाचली तशी तडक जाऊन हरकत देऊन आले. हरकत अगदी खरी होती. पण हरकत दिली की मोजणारा माणूस घरी येतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आणि घरामागं पंचशीलानं स्वतःच्या कमाईतून बांधलेली पत्र्याची खोली होती. अशा खोलीची परवानगी काढायची असते हे कुणाच्या गावी होतं! ती खोली पाडली तर शिलाईचा क्लास बंद, आणि क्लास गेला तर तिचं स्वतःचं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं.

"हे टोक धरा जरा," आनंदराज म्हणाला.

तिनं धरलं. टेप तिच्या टोकाला खडखडायला लागली.

"थंडी वाजून राहिली का?"

"न्हाई... हाव. थोडी."

"भादव्यात?" त्यानं तिच्याकडं पाहिलं, मापाला लागतं त्याहून जरा जास्तच वेळ. तिनं नजर भिंतीला लावली.

पुढच्या खोल्यांचं माप झालं आणि तो मागच्या दाराकडं वळला. ती दार अडवून उभी राहिली. "तिकडं काही न्हाई."

नेमकं तेव्हाच आत शिलाई मशीन सुरू झालं. दोघंही ऐकत राहिले.

"काही न्हाई, तर मग शिवून कोण राहिलं?" त्यानं हळूच विचारलं. ती दारातून हलली नाही. त्यानं टेप गुंडाळली. "पाऊस वाढला. मागचं नंतर बघू. पण सुनावणीत तुम्हीच सांगा. आपण होऊन सांगितलेलं बरं असतं."

मग तो पुन्हा आला, ओट्याचं माप राहिलं म्हणून. त्यानंतर जिन्याचं.

"जिन्याला बी घरपट्टी लागती?" तिनं विचारलं.

"न्हाई लागत."

"मग?"

"मग... चहा लई चांगला होता मागच्या बारीला."

ती हसली, आणि तो गेल्यावर घाबरली. गोड बोलून सगळं काढून तर घेत नाही ना हा? तो आला की काळीज धडधडायचं, आणि नाही आला की त्याहून जास्त.

मग तो यायचाच थांबला. सुनावणीच्या आदल्या दिवशी कळलं की त्यांचं प्रकरण पालिकेतल्या वर्षाराणी मॅडमकडं गेलंय. कडक बाई, असं सगळ्या गावात नाव. म्हणजे त्यानं खोलीचं सांगूनच टाकलं! पंचशीलानं ताट तसंच सरकवलं. खोलीची भीती होतीच, पण तो असा निघाला, याचंच जास्त लागलं.

सुनावणीला मॅडमनी पाहणीचा कागद चाळला आणि वरचा मजला रद्द केला. लिंबाजी खुलले.

"आणखी काही सांगायचंय?"

"न्हाई, न्हाई," लिंबाजी म्हणाले.

"हाय," पंचशीला म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "मागं एक खोली हाय. मी बांधली. परवानगी न्हाई काढली." बाबांनी तिच्याकडं असं पाहिलं की तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "पाडू नका मॅडम... तिथं क्लास चालतो माझा."

"पाडायला कोण निघालंय? अर्ज द्या, माप होऊ द्या. घरपट्टी लागेल, ती भरा."

"म्हंजे आनंदराजसाहेबांनी तुम्हाला..."

"त्यानं? त्यानं नुसतं हे काम माझ्याकडून काढा म्हणून सांगितलं. कारण त्यालाच विचारा."

बाबा सही करायला थांबले. ती बाहेर आली तर तो व्हरांड्यातच उभा, पावसाकडं बघत.

"आमचं घर का सोडलं?" तिनं रागानंच विचारलं. "आम्ही मेलो का वाचलो, बघायला बी आला न्हाई!"

"खोली दिसत असून मला लिहवंना," तो म्हणाला. "न लिहावं तर नोकरीशी बेइमानी. ज्या घरात आपला जीव गुंतला, त्या घराचं माप आपण घेऊ नये. म्हणून सोडलं."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. तिचे कान तापले.

"आई-अण्णाला घेऊन रविवारी येणार होतो... पण भ्याव वाटून राहिलं. तुम्ही न्हाई म्हणाल म्हणून."

एवढे दिवस आपण या माणसाला भीत होतो! पंचशीलाला हसू आवरेना.

"माझं हो हाय," ती म्हणाली. तेवढ्यात आतून लिंबाजी आले, खोलीवरून अजून धुमसतच. ती बाजूला सरली.

"बाबा, यांना तुमच्याशी बोलायचंय."

आनंदराजचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं कसेबसे हात जोडले. "जय भीम, काका..."