फिक्या टाक्या आणि कपाटाखालचा उंदीर

"अरे, ओढू नकोस, फुंक! नाहीतर पोटात शेवाळ उगवेल!" खारू ओरडली.

धाकट्या चिकूने दचकून नळी तोंडातून काढली. "पण ताई, फुंकून होणार काय?"

"तेच तर बघायचंय!"

खारूने हसू आणलं खरं, पण सकाळपासून तिचं सगळं लक्ष मावशीकडेच होतं. सुट्टीत ती, चिकू आणि मोठ्या आवाजाचा मामेभाऊ भोपू मावशीकडे आले होते. शिंपल्यांची पैदास करणाऱ्या केंद्रात मावशी सूक्ष्म शेवाळ वाढवायची. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या शेवाळाने काचेच्या उंच टाक्या हिरव्यागार व्हायच्या. शिंपल्यांची पिल्लं तेच खाऊन जगायची. पण टाक्या फिक्या पडल्या होत्या आणि पिल्लं उपासमारीने मरत होती. "तुमचाच हलगर्जीपणा!" म्हणून केंद्राच्या साहेबांनी मावशीला फैलावर घेतलं होतं. संध्याकाळी टाक्या ओतून द्यायच्या आणि उद्यापासून मावशीने यायचं नाही! मावशी तेव्हापासून घासभरही जेवली नव्हती.

मुलांनी टाकीतलं पाणी बरणीत घेतलं होतं. पाणी आम्ल की अल्कधर्मी ते दाखवणाऱ्या, मावशीकडच्या रंगाचे थेंब पडताच ते गडद निळं झालं होतं. आता चिकू फुंकत गेला, तसं ते हिरवट झालं आणि मग चक्क पिवळं!

"जादू!" भोपू किंचाळला.

"जादू कसली!" खारू म्हणाली. "निळं म्हणजे पाणी अल्कधर्मी. शेवाळ आधी पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेतं. तो संपला की बायकार्बोनेटमधून कार्बन खेचतं, आणि पाणी आणखी अल्कधर्मी होतं. मावशीनेच सांगितलंय. चिकूच्या श्वासातून तोच वायू मिळाला, म्हणून रंग पालटला. टाक्यांना उजेड आहे, खत आहे, पण कार्बनच नाही!"

"पण टाक्यांत बुडबुडे तर येतायत की!" भोपू म्हणाला.

"ते साध्या हवेचे. हवेत हा वायू नावालाच. तो सिलिंडरमधून वेगळ्या नळीने येतो."

सिलिंडरच्या खोलीची किल्ली साहेबांकडे असायची. तिघांनी खिडकीतून डोकावलं. काटा अजून 'भरलेला'वरच होता, म्हणजे वायू टाक्यांपर्यंत पोचतच नव्हता! नळी भिंतीतून थेट साहेबांच्या खोलीत शिरत होती, त्यांच्या नव्याकोऱ्या लोखंडी कपाटामागे.

"साहेब, कपाट जरा सरकवता?" खारूने विचारलं.

"पोरांनो, चालते व्हा!"

खारूचे डोळे भरून आले. पण दुसऱ्याच क्षणी ती भोपूच्या कानात कुजबुजली. भोपूने छाती भरून घेतली.

"उंदीर! साहेबांच्या कपाटाखाली उंदीर!"

साहेब टुणकन खुर्चीवर चढले. "अरे, कोण आहे का तिकडे? हलवा ते कपाट!"

दोन कामगारांनी कपाट ओढलं. उंदीर कुठला! कपाटाच्या पायाखाली पातळ नळी दबून सपाट झाली होती. साहेबांचा चेहरा पडला.

नळी बदलली, टाक्या वाचल्या. पुढच्या दोन दिवसांत हिरवा रंग पुन्हा चढू लागला. पण पिल्लांची एक अख्खी टाकी गेली ती गेलीच.

"चुकलो मी," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "पोरांनो, तुमच्यामुळे केंद्र वाचलं!" कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने मात्र मान वर केली नाही. ती सूक्ष्मदर्शकावर वाकली होती.

"खारू, इकडे ये गं!" तिने हाक मारली.

खारूने डोळा लावला. कणाएवढं पिल्लू भिरभिरत होतं आणि त्याचं इवलंसं पोट हिरवं झालं होतं.

"खातंय!" मावशी म्हणाली आणि खारूला घट्ट कवटाळून पहिल्यांदाच मोकळेपणाने रडली.