दोन किलोंचा कडता

शिवकांतानं मन्मथला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तो काट्यावर उभा होता, आणि तिनं त्याच्यातून दोन किलो वजा केले.

"साठ," ती म्हणाली आणि वहीत लिहून मोकळी झाली.

"काटा बासष्ट दाखवून राहिलाय."

"दाखवू द्या. दोन किलो कडता गेला."

"कडता?"

"नवीन दिसता. उतरा, मागं माणसं हायत."

तो उतरला नाही. बासष्ट किलोंचा, उन्हानं रापलेला, खिशात दोन पेनं लावलेला हा माणूस वायुरथ कंपनीचा नांदेडचा वजन-कारकून आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि आपण ज्या चोराच्या शोधात एसटीनं लातूरला आलो तो चोर हिरव्या बांगड्या घालतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. लातूरला जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. नव्या जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, कचेऱ्या मिळाल्या, मग विमानही पाहिजे असं ठरलं. सरकारची मोठी विमानं मोठ्या शहरांतून उडत. छोट्या गावांसाठी सरकारनं ही धाकटी कंपनी काढली होती. अठरा खुर्च्यांचं विमान आठवड्यातून तीनदा नांदेडहून लातूर, लातूरहून मुंबई, आणि दुपारनंतर त्याच वाटेनं परत. एवढं हलकं विमान म्हटल्यावर सामानाबरोबर माणसंही तोलावी लागत. लातूरची एजन्सी धान्याचे आडते ईश्वरप्पा यांना मिळाली. कंपनीचा काटा काही येईना, म्हणून त्यांनी दुकानातला पोती मोजायचा काटा धावपट्टीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवला आणि त्याच्यामागे थोरल्या लेकीला बसवलं.

काटा आला, त्याच्याबरोबर काट्याची सवयही आली. आडतीवर पोतं तोललं की बारदान, माती, काडीकचरा धरून थोडं वजन वजा करतात. त्याला म्हणायचं कडता. शिवकांता लहानपणापासून कडता बघत वाढली. माणसाच्या अंगावरचे कपडे, पायातल्या चपला, खिशातल्या किल्ल्या हा काही माणूस नव्हे, असा तिनं सरळ विचार केला आणि माणशी दोन किलो कमी धरले. लातूरच्या एकाही प्रवाशाला यात वावगं वाटलं नाही. उलट न विचारता कडता धरणारी पोर हुशार आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

नांदेडला मात्र मन्मथची झोप उडाली. लातूरहून आलेला जो तो परत जाताना त्याच्या काट्यावर बरोबर दोन किलो जास्त भरे. पहिल्या आठवड्यात त्यानं नांदेडच्या जेवणाला दोष दिला. दुसऱ्या आठवड्यात एक उपासाचे महाराज दोन किलोंनी वाढले, तेव्हा तो एसटीत बसला.

आता त्यानं आपण कोण ते सांगितलं. ती गोरी नव्हती, तरी लाल झालेली दिसली.

"बाई, विमान काय चपला खाली ठेवून उडत असतंय का?" तो म्हणाला. "चपलांसकट, किल्ल्यांसकट, सगळं घेऊन उडतंय. माणसाला कडता नसतो."

"मग आधी सांगायचं होतं."

"हे सांगावं लागंल असं वाटलं नव्हतं."

"तुमच्याकडं लोह्याला नसंल कडता," ती म्हणाली.

"मी लोहा गावचा हे तुम्हाला कसं कळलं?"

"पिशवीवर लोह्याच्या दुकानाचं नाव हाय."

त्यानं पिशवी फिरवून धरली. पण उशीर झाला होता. जिच्या नजरेतून पिशवी सुटत नाही तिच्यापुढं बासष्ट किलो काय लपणार…

तक्रार त्यानं वर पाठवली नाही. "काटा तपासला, बरोबर आहे," एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं. काटा बरोबरच होता.

त्यानंतर विमान नांदेडहून सुटलं की फोन येऊ लागला. फोन आधीही यायचा, पण तो दुसरा कारकून करायचा. आता मन्मथ स्वतः करी.

"निघालं. माणसं नऊ. वजन लिहा."

"लिहिलं. कडता धरून का?"

"हसून घ्या."

तो दुष्काळाचा काळ होता. दोन पावसाळे कोरडे गेले होते. विमान लातूरला उतरलं की तारेच्या कुंपणाबाहेर उभे असलेले लोक प्रवाशांना मुंबईची खबर विचारत नसत. "वर ढग हायत का?" एवढंच विचारत. जो विमानात बसला त्याला आभाळातलं माहीत असणार, हा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. शिवकांतानं ही गोष्ट मन्मथला फोनवर सांगितली. दुसऱ्या फेरीपासून माणसं आणि वजन यांच्या पुढं तिसरी बाब आली.

"माणसं अकरा. ढग न्हाई."

"माणसं सात. ढग न्हाई."

"माणसं दहा. ढग एक… मुदखेडच्या अंगाला. लहानच हाय. तुमच्याकडं पाठवून राहिलोय."

ती बाहेर जाऊन बघून आली. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं.

"पोचला न्हाई," तिनं पुढच्या वेळी सांगितलं.

"वाटंत कुणी कडता धरला असंल."

असं वर्ष गेलं. महिन्यातून एकदा काटा तपासायच्या निमित्तानं तो येई. इतक्या वेळा तपासलेला दुसरा काटा अख्ख्या मराठवाड्यात नसेल. तो काट्यावर उभा राही, ती बासष्ट लिही, आणि मग तो विचारी, "तुमचं किती?"

"काट्यामागच्या माणसाचं वजन विचारत नसतात."

नाव मन्मथ, कपिलधारच्या संत मन्मथस्वामींवरून ठेवलेलं. पण त्या नावाला दुसराही अर्थ आहे, मदनाचा, हे तिला शाळेत असतानाच कळलं होतं. त्याला अजून कळलं होतं की नाही याची तिला शंका होती. तो काही बोलत नसे. ती आडत्याची लेक, तिनंही तोंड उघडलं नाही. बाजारात जो आधी भाव बोलतो त्याचीच पंचाईत होते. अशी दोघं गिऱ्हाइकासारखी समोरासमोर बसून राहिली, आणि मधल्यामध्ये दुकानच बंद व्हायची वेळ आली.

कंपनीचं आधीच बरं चाललं नव्हतं. आठवड्याच्या तीन फेऱ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक, मग वैमानिकाला सवड असेल तेव्हा. शेवटी कागद आला. धाकटी कंपनी मोठीत विलीन. लातूरची फेरी मेअखेर बंद. विमान मोडीत, माणसं बदलीवर.

"मला दिब्रुगडला टाकलंय," मन्मथ फोनवर म्हणाला.

"कुठं आलं ते?"

"आसामात. लई पाऊस पडतो म्हणतात."

"मग ढगांची चिंता मिटली," ती म्हणाली. तिला वाटलं, आता बोलेल… तो म्हणाला, "शेवटच्या फेरीनं मुंबईला जाईन. लातूरवरूनच."

"हाव," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

इकडे घरात उदगीरच्या डाळमिलवाल्यांचं स्थळ आलं होतं. मंडळी सोमवारी बघायला येणार होती. शेवटची फेरी शनिवारी होती. ईश्वरप्पा वाईट माणूस नव्हते. फक्त विमान आणि जावई या दोन्ही गोष्टी जमिनीवर भक्कम टेकलेल्या असाव्यात असं त्यांचं मत होतं. त्यातलं विमान तर आता जमिनीवरच येणार होतं.

शनिवारी दहालाच ऊन असं तापलं की पत्र्याला हात लाववेना. तापल्या हवेत विमानाला उचल कमी मिळते, म्हणून वजन काटेकोर पाहिजे. शेवटची फेरी बघू म्हणून लातूरचे बारा जण चढणार होते. नांदेडहून पाच आले, त्यांत मन्मथ. त्याच्याबरोबर बावीस किलोंची ट्रंक.

"सगळ्यांनी उतरून पुन्हा तोलून घ्यायचं," शिवकांता म्हणाली. "ऊन हाय."

एकेक जण काट्यावर चढला. बारदानाचे व्यापारी चंद्रप्पा चढले. आपण अठ्ठ्याहत्तर हे त्यांना पाठ होतं. तिनं ऐंशी लिहिलं. ते बघून शेजारी उभ्या ईश्वरप्पांनी चष्मा पुसला. चंद्रप्पा मात्र खुशीत म्हणाले, "दुष्काळात वाढलो म्हणायचं, पोरी."

शेवटी मन्मथ. काटा बासष्टवर थांबला. त्यानं पाहिलं. तिनंही पाहिलं, आणि वहीत स्पष्ट अक्षरात चौसष्ट लिहिलं.

वर्षभरापूर्वी दोन किलोंसाठी एसटीनं तीन-चार तास धूळ खात आलेला हा माणूस. त्यानं त्या आकड्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ती शाईच्या दौतीचं झाकण घट्ट लावण्यात गर्क होती, आणि झाकण काही लागत नव्हतं.

या वेळी तो लगेच काट्यावरून उतरला.

बेरीज झाली. खऱ्या वजनानं अठ्ठावीस किलोंची जागा उरत होती. पण सतरा माणसं, माणशी दोन जास्त, म्हणजे चौतीस. वैमानिकानं कागद बघितला आणि मान हलवली. "सहा किलो जास्त होतात. काहीतरी उतरवा."

"माझी आंब्याची करंडी इथंच ठेवा," चंद्रप्पा म्हणाले. "दहा किलोंची हाय."

शिवकांताच्या हातातून झाकण खाली पडलं. आंब्यांचा हिशोब तिनं केलेला नव्हता.

"नको मामा," मन्मथ पुढं झाला. "गिऱ्हाइकाच्या आधी नोकराचं सामान उतरतं. नियम हाय." त्यानं विमानात जाऊन स्वतःची ट्रंक खाली आणली आणि काट्याशेजारी ठेवली. मग ट्रंकेवर बसला.

"चला, लवकर," वैमानिक म्हणाला.

"ट्रंकेशिवाय मी दिब्रुगडला जाऊन काय घालू? तुम्ही निघा साहेब. मी रेल्वेनं येईन… चार-आठ दिवसांनी."

पंखे फिरले, धुळीचा लोट उठला, कुंपणाबाहेरच्या लोकांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी ते उघडले तेव्हा लातूरचं विमान संपलं होतं. कुणी हात हलवला, कुणी नाही. लोक पांगले.

"माझं वजन बासष्ट हाय," मन्मथ म्हणाला.

"ठाऊक हाय."

"मग हा उलटा कडता कशाचा?"

"चपला," ती म्हणाली. "किल्ल्या. आणि…"

"आणि?"

"वर्षभर जे बोलला न्हाईत ते. त्याचं काही वजन असंल की न्हाई?"

तो हसला.

"आज वर ढग होते का?" तिनंच विचारलं.

"बघितलं न्हाई. सगळी वाट खाली बघत होतो, लातूर कवा येतंय म्हणून."

तेव्हा शिवकांता काट्यामागून उठली आणि काट्यावर जाऊन उभी राहिली. चपला न काढता. "वाचा," ती म्हणाली.

तो वाकला. काटा थरथरला, थांबला. त्यानं आकडा वाचला, पण मोठ्यानं नाही. तो आकडा आजतागायत त्या दोघांतच आहे.

दारात ईश्वरप्पा उभे होते. चाळीस वर्षं कडता धरलेला माणूस. त्यांनी वही उचलली, चंद्रप्पांच्या ऐंशीवरून बोट खाली फिरवत चौसष्टपर्यंत आणलं, लेकीकडं पाहिलं, ट्रंकेकडं पाहिलं, आणि वही मिटली.

"तापल्या पत्र्याखाली काय बसून राहिलात," ते मन्मथला म्हणाले. "घरी चला, ताक घ्या. आणि जरा सांगा, लोह्याला घरी कोण कोण असतंय?"

त्या वहीत शनिवारची शेवटची ओळ अजून वाचता येते. लातूरहून चढले बारा. उतरला एक.