बर्फाचा कारखाना बंद पडला तो आठवडा

सुगंधाला कोंडून घातलंय, जीव जायच्या आत या, असा फोन आला आणि हवालदार डेलिशा चहाचा कप तसाच टाकून निघाली.

किनाऱ्यावरच्या वाडीत नितेशच्या घरापुढे ही गर्दी! बघायला सगळे, सोडवायला एकही नाही. जाळी ठेवायच्या खोलीची कडी डेलिशानेच काढली. आत नितेशची विधवा भावजय सुगंधा भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर खोक पडली होती.

"ह्या सुगंधानच माझो नातू खाल्ल्यान!" सासू राधाबाई दारातून ओरडली. "आजपासून ह्या घरात हिका जागा नाय!"

प्रकरण असं होतं. नितेशची बायको दिव्या. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण कूस उजवली नव्हती. अखेर कसालच्या डॉक्टर प्रितेशच्या उपचारांनी तिला दिवस गेले. तिसरा महिना लागला आणि परवा तपासणीत कळलं की पोटात काहीच नाही. शेजारची सीताही त्याच डॉक्टरच्या उपचारांनी गरोदर होती. तिचंही त्याच आठवड्यात गेलं. डॉक्टर म्हणाले, घरात कुणीतरी काही गरम खायला घातलं असेल. दोघींनीही सुगंधाच्या हातचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं खाल्लं होतं. वाडीला तेवढं पुरलं.

डेलिशाने सगळ्यांना बाहेर काढलं आणि दिव्याला समोर बसवलं.

"खाल्ल्यावर पोटात दुखला?"

"नाय."

"रगत?"

"दर म्हयन्याक येता तसाच. जास्त नाय."

तिसऱ्या महिन्यात गर्भ जातो आणि बाईला नेहमीच्या पाळीइतकाच त्रास होतो? डेलिशाला ते पटेना.

"सोनोग्राफी केलेली?"

"डॉक्टर नको म्हणाले. त्या यंत्रान पोराक बाधता म्हणान. आणि दुसऱ्या डॉक्टराकडे जावचा नाय, असा बजावल्यानी."

"मगे दिवस गेले तां कळला कसा?"

"लघवीच्या पट्टीर. दोन रेघो येयत. त्येंच्याच दवाखान्यात."

"औषध काय होता?"

"ताकदीची इंजेक्शनां. नर्सबाय घराक आणून देय, टोचूची आमची आमीच. बर्फात ठेवूची, गरम झाली तर फेकूची."

"शेवटचा कधी घेतलंस?"

दिव्या घुटमळली. "बर्फाचो कारखानो बंद पडलो मां? सगळ्यांची मासळी कुसली, थंय औषध खंय टिकता? मी फेकलंय, सीतान पण फेकल्यान. डॉक्टरांका सांगूक धीर झालो नाय."

डेलिशा जाळ्यांच्या खोलीत परतली. सुगंधा हलली नव्हती.

"सुगंधा, तुझ्या हातचा आणखी कोणी खाल्ल्यान?"

"रोझाबायन. दोनदा मागून घेतल्यान."

"ती खंयच्या डॉक्टराकडे जाता?"

"त्याच. पण तिच्या पोटातला बरा आसा."

वाडीतल्याच रोझाचा नवरा बोटीवर कामाला. परदेशातून पैसे यायचे, म्हणून घरात फ्रीज होता. डेलिशाने तो उघडला तर अंड्यांशेजारी औषधाच्या बाटल्या नीट लावून ठेवलेल्या. जे सुचलं होतं ते खोटं ठरावं असं तिला मनापासून वाटत होतं, कारण रोझा हसत होती आणि पाळणा कुठून आणावा ते विचारत होती.

"रोझा, माका ह्यातली एक बाटली व्हयी."

"एक चुकला तर पोराक कायव होयत गो!" रोझाने फ्रीजचं दार लावून टाकलं.

"त्या सुगंधाक लोक मारतत. ह्या बाटलीन ती सुटात."

रोझाने दार पुन्हा उघडून उरलेल्या बाटल्या मोजल्या. मग एक काढून दिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्रितेश चौकीत आले ते घड्याळाकडे बघतच. दिव्या, राधाबाई, सुगंधा आणि रोझा बाकावर बसल्या होत्या.

"डॉक्टर, या बाटलीत काय आहे?" डेलिशाने विचारलं.

"जीवनसत्त्वं. बाईला ताकद यावी म्हणून."

"आणखी काही?"

"आणखी काही नाही. लेबल वाचा."

"लेबल तुमच्याच दवाखान्याचं आहे, म्हणून विचारलं."

तिने पाण्याचे दोन पेले मांडले. औषधाच्या दुकानातून आणलेली एक पट्टी नुसत्या पाण्यात बुडवली. एकच रेघ उमटली. मग दुसऱ्या पेल्यात बाटलीतल्या औषधाचा थेंब टाकला आणि नवी पट्टी बुडवली.

दोन रेघा.

"आता बाटलीलाच दिवस गेले म्हणायचे का, डॉक्टर?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी घड्याळावरची नजर काढली.

"गर्भ राहिला की बाईच्या अंगात जे तयार होतं, तेच या बाटलीत आहे," डेलिशा सांगू लागली. "मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. उपचारात ते देतातही. पण देतात तेव्हा बाईला सांगतात, की आता पट्टीवर विश्वास ठेवू नको, सोनोग्राफी कर. तुम्ही त्याला ताकदीचं औषध म्हणालात आणि सोनोग्राफीची भीती घातलीत. इंजेक्शन चालू तोवर रेघा येत राहायच्या. तुम्हाला वाटेल तेव्हा इंजेक्शन थांबायचं, गर्भ गेला म्हणून सांगायचं, की पुन्हा नव्याने उपचार आणि नव्याने पैसे. या वेळी तुमच्याआधी बर्फच थांबला, आणि दोघींचं एकदम गेलं. तुम्ही गडबडलात आणि गरम खाण्यावर ढकललंत. रोझाने तेच खाल्लं होतं. तिचं टिकलं, कारण तिच्याकडे फ्रीज होता."

"हे तुम्ही कोर्टात सिद्ध—"

"करू. बसा."

राधाबाईला तोंड कुठे लपवावं कळेना. "चल गो, घराक चल," ती सुगंधाला कशीबशी म्हणाली. "माझा चुकला."

सुगंधाने ऐकलं, पण ती रोझाकडे बघत होती. इतका वेळ रोझाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

"डेलिशा," ती हळूच म्हणाली, "माका कालपासून ता हलता असा वाटता."

डेलिशाला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

सुगंधा उठून रोझाजवळ जाऊन बसली आणि तिने तिला पोटाशी धरलं.

"तुमी जावा," ती राधाबाईला म्हणाली. "मी आज रोझाबायकडे ऱ्हवतंय."