चंद्रावरचा अडलेला पंखा

"आत्या, पंप सुरू केला की पंखा बंद पडतो आणि पंखा लावला की पंप थांबतो!" अकरा वर्षांची केतकी कंप्युटरसमोर रडकुंडीला आली होती.

सन २०६१. चंद्रावरच्या वस्तीतल्या काचघरात तिची आत्या, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. हेमांगी, नाचणी पिकवत होती. चंद्रावरची पहिलीच नाचणी! सकाळी मुख्य यंत्रणा बिघडली, म्हणून आज काचघर केतकीने सुट्टीत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चाललं होतं. आतलं तापमान चाळीसच्या वर गेलं होतं. रोपांनी माना टाकल्या होत्या.

"पडद्यावर बटणं कुठली ठेवलीस?" आत्याने विचारलं.

"गोल."

"ती रेडिओ बटणं (अनेकांतून एकच निवडू देणारी). दुसरं निवडलं की पहिलं आपोआप सुटतं. तुला हवेत चेकबॉक्स (खूण करायच्या चौकोनी चौकटी). तिथे प्रत्येक चौकट स्वतंत्र."

केतकीने भराभर गोल काढून चौकोन बसवले. दोन्हींवर टिचकी मारली. दोन्हींत खूण उमटली. पंप घुरघुरला. पंखा मात्र ढिम्म!

"अगं, खूण तर दिसतेय!"

"चौकट फक्त 'हो' की 'नाही' एवढंच लक्षात ठेवते. तिला विचारून काम करायचं ते प्रोग्रॅमने. तुझ्या ओळी मोठ्याने वाच बघू."

केतकी वाचू लागली, "पंपाच्या चौकटीत खूण असेल तर पंप चालू कर. नाहीतर, पंख्याच्या चौकटीत..." ती थबकली. "आत्या, हे 'नाहीतर'! पंपाची खूण सापडली की प्रोग्रॅम पंख्याकडे बघतच नाही!"

"मग?"

"हजेरी घेतात तसं करायचं. एकजण 'हजर' म्हणाला म्हणून बाई काही वही मिटत नाहीत. प्रत्येकाला विचारतात."

तिने 'नाहीतर' खोडलं. प्रत्येक चौकटीला वेगळा प्रश्न लिहिला: खूण असेल तर चालू, नसेल तर बंद. मग श्वास रोखून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.

पंप घुरघुरला आणि पंख्याची पातीही गरगर फिरू लागली!

"फिरला! फिरला!" केतकीने उडी मारली आणि, चंद्रावरचीच उडी ती, थेट छताला हात लावून आली.

तासाभरात तापमान अठ्ठावीसवर उतरलं. दुपारपर्यंत एकेक रोप ताठ उभं राहिलं. वस्तीच्या प्रमुखांनी ध्वनिक्षेपकावरून विचारलं, "हेमांगीताई, नाचणी कुणी वाचवली?"

"जिने प्रोग्रॅम लिहिला, तिनेच!"

केतकीला मात्र ऐकायला सवड नव्हती. ती तिसरी चौकट बसवत होती, दिव्यांची. तिच्याखाली पडद्यावर अजून खूप जागा मोकळी होती.